गोदीतली कॅन्टोनीज

“जोरात! गोदीत क्रेन चालू असते. तुझं पुटपुटणं कोण ऐकणार तिथे? परत बोल.”

इब्राहिमचाचा फणसोपकर ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून माझ्यावर ओरडत होते आणि मी अंगणात उभी राहून त्यांच्यावर. कॅन्टोनीजमध्ये. रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या मागच्या आळीत, एप्रिलमधल्या भर दुपारी. मासळीच्या टोपल्या घेऊन चाललेल्या दोन बायका गडग्याशी थांबल्या, थोडा वेळ ऐकलं, आणि एक दुसरीला म्हणाली, “मयेकराची पोर गो ती. आईवर गेलीय.”

“दुकान आवर आणि चालू पड!” मी पुन्हा ओरडले.

“आता कशी! पण शेवटाला आवाज खाली आण, पायरी चुकल्यासारखा. नायतर कुली हसंल आणि पोतं तुझ्याच पायावर टाकील.”

मी भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, त्या वाक्याच्या डोक्यावर, खाली जाणारा बाण काढला.

तेव्हा मी सातवीची परीक्षा देऊन बसले होते. आता दहावीत आहे, वक्तृत्वात जिल्ह्याची ढाल आणली आहे, आणि तेव्हाच्या स्वतःला हसायचा मला अधिकार आहे असं मी समजते.

माझी आई हाँगकाँगची. तिचं नाव वाय-फोंग. रत्नागिरीत आल्यावर आजीनं ते वैशाली केलं आणि शेजारणींनी ‘चिनी वैशाली’. बाबा तेव्हा मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला होते. जहाज दुरुस्तीसाठी दोन महिने हाँगकाँगला अडकलं. आई जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या दुकानात बसायची. बाकीचं तुम्हाला कळलं असेलच. आता बाबा मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतात, आई नारळाच्या रसातली सुरमई करते आणि राग आला की ‘जळ्ळं मेलं लक्षण’ म्हणते. माझ्याशी मात्र ती लहानपणापासून कॅन्टोनीज बोलली. जेव. हात धू. केस पूस. मोजे कुठे टाकलेस? माझी कॅन्टोनीज स्वयंपाकघरात सुरू व्हायची आणि मोरीत संपायची. त्याच्या पलीकडचं सगळं आम्ही मराठीत बोलायचो.

आणि मेमध्ये मामाच्या मुलीचं, का-यानताईचं लग्न ठरलं. पंधरा वर्षांत आईला माहेरून आलेलं ते पहिलं बोलावणं.

तिकडे नवरदेव नवरीला न्यायला येतो तेव्हा नवरीच्या मैत्रिणी आतून दार अडवतात. नवऱ्याला बेडूकउड्या मारायला लावतात, कारल्याचा रस पाजतात, टोमणे मारतात. बाहेरून नवऱ्याचे मित्र उलटे टोमणे मारतात. आपल्याकडे बूट लपवतात, कान पिळतात, तसंच, फक्त सगळं तोंडानं. मी व्हिडिओ कॉलवर ताईला म्हटलं, “मला त्या टोळीत घे.”

“तू?” ताई हसली. मुई म्हणजे पोरी; ती आणि आई मला तशीच हाक मारतात. “अगं मुई, तू किती गोड बोलतेस! चार वर्षांच्या बाळासारखं. दाराशी जीभ धारदार लागते.”

गोड! मला अख्ख्या शाळेत कोणी गोड म्हटलं नव्हतं.

मी आईकडे गेले. “आई, मला कॅन्टोनीज शिव्या शिकव.”

“येत नाहीत मला.”

“एकपण?”

“आमच्या घरात असलं काही तोंडातून गेलं तर बाबा साबणानं तोंड धुवायचे. ते गोदीच्या ऑफिसात होते. कोट घालून जायचे कामाला.”

राहिले इब्राहिमचाचा. ते चोवीस वर्षं जहाजावर होते, शेवटी सारंग झाले, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके. त्यांच्या काळात हाँगकाँगला जहाज बंदराच्या मधोमध बोयाला, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाला, बांधून ठेवायचे आणि माल उतरवायला होड्यांतून कुली यायचे. त्या कुलींशी हुज्जत घालता घालता चाचा त्यांची भाषा शिकले. खुशामत करणारा म्हणजे बूट पुसणारा. नोकरीवरून काढणं म्हणजे माकूल मासळी तळणं. गावभर बडबडत फिरणारा म्हणजे गॅसबत्ती.

“आणि कालचा तो शब्द, चाचा? मला बघून अर्धा गिळलात तो?”

“तो तुझ्या लग्नानंतर.”

अशा लग्नानंतरच्या शब्दांसाठी मी वहीत दीड पान मोकळं सोडलं होतं.

“पण हे सगळं अजून बोलतात ना तिकडे?”

“बोलतात म्हणजे? शहाऐंशी साली मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय!”

मी गणितात बरी होते, तरी ही वजाबाकी तेव्हा केली नाही.

बाबा आमच्याबरोबर आले नाहीत. “तू नको येऊस इतक्यात,” आई त्यांना म्हणाली होती. “आधी मी शिरून बघते.”

मामाचं घर चौदाव्या मजल्यावर होतं. आमच्या पडवीएवढं घर, आणि त्यात मामा, मामी, ताई आणि कुंग-कुंग, म्हणजे आईचे बाबा. कुंग-कुंग खिडकीशी बसून पेपर वाचत होते. कडक इस्त्रीचा शर्ट, घरातसुद्धा. त्यांच्या डोक्यावर भिंतीवर पो-पोचा, म्हणजे आईच्या आईचा फोटो होता आणि फोटोपुढे तीन संत्री. मी चार वर्षांची असताना पो-पो गेली, एवढंच मला माहीत होतं.

“बाबा,” आई दारातून म्हणाली.

कुंग-कुंगांनी पेपरचं पान उलटलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “जेवलीस?”

“जेवले,” मी म्हणाले. प्रश्न माझ्या प्रदेशातला होता.

तिथे जेवायला बसताना लहानांनी मोठ्यांना एकेकाला ‘जेवा’ म्हणायचं असतं. मोठ्यानं ‘हं’ केलं की मग आपण घास उचलायचा. आई दर जेवणाला म्हणायची, “बाबा, जेवा.” कुंग-कुंग ‘हं’ करायचे नाहीत. ते मासा उलटायचे, काटा काढायचे, सूप प्यायचे, आणि आई वाटी हातात धरून बसून राहायची. शेवटी मामी हळूच तिच्या वाटीत काहीतरी घालायची, तेव्हा कुठे ती दोन घास खायची. तीन दिवस असं चाललं.

“का बोलत नाहीत ते?” मी तिला मराठीत विचारलं.

“रागावलेत.”

“पंधरा वर्षं?”

“आमच्याकडे घाई नसते गो,” आई म्हणाली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मामानं आईला स्वयंपाकघरात गाठलं. मी तिथेच शेंगा सोलत होते. मला सगळं कळत नाही या समजुतीत तो बोलत होता. निम्मं कळत नव्हतंच, पण निम्मं पुरलं.

“फोंग, उद्या दार उघडलं की चहाचा कार्यक्रम. नवरा-नवरी गुडघे टेकून घरातल्या मोठ्यांना एकेक करून चहा देणार. नाव पुकारलं की खुर्चीवर जाऊन बसायचं. बाबा म्हणतात, तुझं नाव पुकारायचं नाही.”

आईनं कांद्याची पात चिरणं थांबवलं नाही. “मी तिची आत्या आहे, दादा.”

“म्हणूनच सांगतोय. आमचे सगळे पाहुणे असणार. आत्या असून खुर्चीवर नाही, म्हणजे ती ह्या घरची नाही, असं सगळ्यांदेखत होईल. पुन्हा कधीच मग नाही. तू त्यांचा मान राख. नवरदेव आत आला की तू बाबांच्या खोलीत जा, एक कप चहा ओत, आणि ‘माझं चुकलं’ म्हण. त्यांनी घोट घेतला की मिटलं. मी त्यांना कबूल केलंय.”

ज्याची चूक असते त्यानं चहा ओतायचा, ही त्यांची पद्धत. चहा ओतणं हीच माफी. वेगळी मागावी लागत नाही.

“काय चुकलं म्हणू?” आईनं विचारलं.

मामानं पातीकडे बघितलं. “नुसतं चुकलं म्हण.”

“बरं, दादा.”

मला ती खुर्ची हवी होती. आईपेक्षा मलाच जास्त, असं तेव्हा वाटलं. रत्नागिरीत कुणाच्याही लग्नात आई मागच्या ओळीत, ‘चिनी वैशाली’ म्हणून. इथे येऊन बघितलं तर खलाशाची बायको म्हणून मागच्या ओळीत. एका तरी घरात तिला पुढे बसायला जागा नको का?

सकाळी साडेआठला नवरदेव आला.

आम्ही दाराच्या आत आठ जणी, सगळ्या गुलाबी कपड्यांत. बाहेर लोखंडी जाळीपलीकडे नवरा आणि त्याचे नऊ मित्र. ताई आतल्या खोलीत लाल कपड्यांत नटून बसली होती. टोमणे सुरू झाले आणि मला काही कळेना. दोन्ही बाजू अर्धं इंग्रजी बोलत होत्या आणि उरलेलं मोबाइलवरच्या कुठल्या कुठल्या विनोदांचं. चाचांच्या वहीतलं एक अक्षर कोणी उच्चारत नव्हतं. नवऱ्यानं बेडूकउड्या मारल्या. कारल्याचा रस प्याला. मित्र बाहेरून काहीतरी म्हणाले, आमच्यातली एक फिसकन हसली, आणि गुलाबी मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. आता उत्तर कोण देणार?

मी जाळीला तोंड लावलं.

“दुकान आवरा रे, गॅसबत्त्यांनो!” मी क्रेनच्या वर आवाज काढला. “एक बाई उचलायला दहा जण? हात आहेत की उकडलेले नूडल्स? पोतं उचलता येत नसेल तर उतरा होडीतून, नाहीतर माकूल तळीन एकेकाचं!”

शेवटाला आवाज मी बरोबर खाली आणला होता.

मग जाळीपलीकडून एकानं घाबरत विचारलं, “आत आजोबा आहेत का?”

आणि सगळे फुटले. बाहेरचे जिन्यावर बसले हसत. आतली एक भिंतीला टेकून डोळे पुसत म्हणाली, “हे कुठून आणलंस गं? माझ्या पणजोबांच्या काळातलं आहे हे!” दुसरी म्हणाली, “परत म्हण, परत म्हण,” आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. हसता हसता कोणीतरी कडी काढली, कोणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि नवरदेव नऊ मित्रांसकट आत. मला वाटलं, जिंकले! दार उघडलं म्हणजे आपण हरलो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

“कोण बोललं ते?”

कुंग-कुंग त्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. कोट घातलेला, केस चापून बसवलेले.

“मी,” मी म्हणाले.

“कुणी शिकवलं?”

“घराजवळचे चाचा आहेत. जहाजावर होते.”

कुंग-कुंगांनी नजर उचलून स्वयंपाकघराच्या दाराकडे नेली. तिथे आई चहाची किटली घेऊन उभी होती, त्यांच्याच खोलीत जायला निघालेली. चार दिवसांत त्यांनी तिच्याकडे बघितलं ते तेव्हा.

“खलाशाशी लग्न केलंस,” ते म्हणाले, “आणि आता माझ्या घरात कुली आणून सोडलास. नको मला तुझा चहा. ठेव ते.”

“बाबा, ती लहान आहे,” मामा पुढे झाला. “पाहुणे आहेत—”

“बघू देत पाहुण्यांना. आईच्या मयताला आली नाही. खुर्चीवर बसून चहा प्यायला बरी आली.”

हॉलमध्ये नवरा फुलांचा गुच्छ घेऊन उभा. ताई आतून बाहेर आलेली. मामी, मामीच्या तीन बहिणी, गुलाबी मुली, ते नऊ जण. आणि हा चहाचा कार्यक्रम करून देणारी एक बाई, केसांत लाल फूल खोवलेली, हातातल्या घड्याळाकडे बघत होती. मुहूर्त त्यांच्यातही असतो.

“अठरा मिनिटं,” ती हवेत म्हणाली.

मामीच्या बहिणी आईकडे बघत होत्या. मयताची गोष्ट त्यांना आधीपासून माहीत होती, हे बघण्यावरून कळत होतं.

“हो, बाबा,” आई म्हणाली. सवयीनं म्हणाली. मग तिनं किटली बुटांच्या कपाटावर ठेवली, आणि मराठीत सुरू झाली.

“हो बाबा काय, हो बाबा! जळ्ळं मेलं ते हो बाबा! माझी आई गेली तेव्हा मला कळवलं कोणी? फोंगला सांगायचं नाही म्हणून तुम्ही दादाला दम भरलात. महिन्यानं दादानं चोरून फोन केला, तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. तसंच सूप हातात राहिलं माझ्या! मी येणार होते कशी, वारा सांगणार होता मला? नऊ वर्षं सगळ्या नात्यागोत्यात मीच ती, आईच्या मयताला न आलेली. आणि वर मीच चहा ओतू? का म्हणून? मुई, बॅग भर! चल गो घरी!”

हे सगळं तिनं एका श्वासात, हात नाचवत, आमच्या नळावर भांडावं तसं म्हटलं. एवढ्या वर्षांत मी तिला कॅन्टोनीजमध्ये आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. मोजे हरवले तरीसुद्धा ती कॅन्टोनीजमध्ये हळूच बोलायची. खोलीत कोणालाही एक शब्द कळला नाही.

“काय म्हणाली?” कुंग-कुंगांनी मला विचारलं.

“काही सांगू नकोस,” आई म्हणाली.

मामा माझ्या कानाशी वाकला. त्याच्या कपाळावर घाम होता. “म्हण, ती माफी मागतेय. एवढंच म्हण. मग सगळं नीट होईल.”

आणि खरंच झालं असतं. ‘माफ करा’ मला येत होतं. कप फोडला की मी तेच म्हणायचे. एक वाक्य, आणि आई खुर्चीवर. मी तोंड उघडलंसुद्धा. पण आईकडे बघितलं, तर ती बुटांच्या कपाटातून माझ्या चपला शोधून काढत होती, माझ्या, स्वतःच्या नाही, आणि मला ते वाक्य म्हणता येईना.

पण आई जे म्हणाली ते सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. मयत, कळवणं, दम भरणं, नातंगोतं, यातलं काही स्वयंपाकघरात आणि मोरीत लागत नाही. माझ्याकडे होतं ते जेवणखाण, आणि चाचांची वही. वहीत एक होतं. दुसऱ्यानं केलेल्याची बोलणी आपल्याला खावी लागली, तर तिकडे म्हणतात, मेलेलं मांजर खाल्लं.

“आई म्हणते,” मी म्हणाले, आणि आवाज आपोआप क्रेनच्या वर गेला, “नऊ वर्षं ती मेलेलं मांजर खातेय. मांजर तुम्ही मारलं. तुम्हीच शिजवलं. मामाला सांगितलं, तोंड उघडू नको. आणि ताट आईपुढे ठेवलं. पो-पो मेली ते आईला एक महिना कोणी सांगितलं नाही. एक महिना! आता आईचं पोट भरलं. ती हात धुऊन घरी चालली.”

यावेळी कोणी हसलं नाही. मोबाइलवाल्या मुलीनं मोबाइल खाली केला.

मामी हळूहळू मामाकडे वळली. “एक महिना?”

मामा बुटांच्या कपाटाकडे बघत होता.

कुंग-कुंगांचा चेहरा लाल होत गेला. कपाळ, मग कान, मग मान. आणि ते ओरडले. काय ओरडले ते मी लिहू शकत नाही, कारण त्यात तीन शब्द होते आणि तिसरा, चाचांनी माझ्यासमोर अर्धा गिळला होता, तोच होता. पण ते ज्या आवाजात ओरडले तो इस्त्रीच्या शर्टाचा आवाज नव्हता. तो छातीच्या तळातून, पाण्यावरून, दुसऱ्या होडीपर्यंत जाणारा आवाज होता, आणि शेवटाला बरोबर खाली आला. पायरी चुकल्यासारखा.

ताईचं तोंड उघडं राहिलं. साबणानं तोंड धुणारे ते आजोबा!

“बाबा,” आई म्हणाली. चप्पल हातात, आवाज अगदी हळू, कॅन्टोनीजमध्ये. “तुम्ही तर ऑफिसात होतात ना?”

कुंग-कुंगांनी कोटाचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

“ऑफिसात नंतर,” ते म्हणाले. “आधी अकरा वर्षं होडीवर.”

“कुली?” मामानं विचारलं.

“मग काय कप्तान?”

मामा भिंतीला टेकला. त्याच्या बायकोनं त्याला जागा दिली नाही.

“बारा मिनिटं,” लाल फूलवाली बाई म्हणाली.

कुंग-कुंग माझ्याजवळ आले. मी मनातल्या मनात साबणाची चव घेऊन टाकली. पण ते मला ओलांडून बुटांच्या कपाटाशी गेले. किटली उचलली. कप शोधला. मामीच्या बहिणीच्या हातातला होता, तोच घेतला. चहा ओतला, थोडा कपात, थोडा बशीत, थोडा नवरदेवाच्या नव्या बुटांवर, आणि कप दोन्ही हातांनी आईसमोर धरला.

बाप लेकीला चहा ओतत होता. मामीनं तोंडावर हात धरला. नऊ मित्रांपैकी एक जण काही कारण नसताना सरळ उभा राहिला.

आईनं चप्पल खाली ठेवली, हात कपड्याला पुसले आणि कप घेतला. एक घोट घेतला.

“गार झालाय,” ती म्हणाली.

“मग वेळेवर का नाही प्यायलीस?”

“तुम्ही वेळेवर ओतलात कुठे?”

कॅन्टोनीजमध्ये! आणि हळू नाही. मी चाटच पडले. कुंग-कुंगांनी कोटाचं बटण पुन्हा चाचपलं.

“आणि लग्नाआधी विचारलंस कुठे? एका ओळीचं पत्र टाकून जायचं?”

“विचारलं असतं तर ‘हो’ म्हणाला असतात?”

“नसतो म्हणालो!”

“मग!”

“मग काय? विचारायचं तरी!”

लाल फूलवाली बाई गडबडली. तिनं कागद उघडून पुकारा सुरू केला, पण आजोबांचंच नाव पहिलं होतं आणि आजोबा कामात होते. तिनं ताईला आणि नवऱ्याला खुणेनं लाल उशांवर गुडघे टेकायला लावले. हातात तबक, तबकात कप. दोघं वाट बघत राहिले. इकडे पत्रावरून गाडी पो-पोच्या दुखण्यावर गेली होती, दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, शेवटी काय खायला मागत होती. तिथे आईचा आवाज फाटला आणि कुंग-कुंगांचाही. पण थांबलं कोणीच नाही. तिथून ते आईच्या केसांवर आले, इतके का पिकले, मग बाबांवर, तो इंजिनवाला तुला नीट ठेवतो ना, न ठेवायला काय झालं, मग फोटो का पाठवला नाहीस, पाठवले होते सतरा, परत कोणी धाडले?

“सहा मिनिटं,” बाई म्हणाली. नंतर म्हणाली, “दोन.” नंतर तिनं घड्याळ उलटं केलं.

नवरदेवाचे गुडघे थरथरायला लागले होते. बेडूकउड्या त्याला भोवल्या.

आणि मग, सगळ्यांदेखत, कोणीही नाव न पुकारता, उभं राहून भांडून पाय दुखले म्हणून, आई मागे सरकली आणि चहासाठी मांडलेल्या त्या एकमेव खुर्चीवर बसली. तिचं लक्षही नव्हतं. ती कुंग-कुंगांना बोट दाखवून सांगत होती की पाचवा फोटो माझ्या बारशाचा होता आणि तोसुद्धा त्यांनी पाकीट फोडून बघितला नाही.

माझी का-यानताई हुशार. तिनं तबक पुढे केलं, मान वाकवली आणि कप वर धरला.

“आत्या, चहा घ्या.”

“थांब गं जरा,” आई म्हणाली. “मी बाबांशी बोलतेय.”